घर कुणाचं आणि परतलं कोण?

मे २०२५ मध्ये आयर्नमॅन कंपनीने जाहीर केलं की २०२६ पासून त्यांची जागतिक अजिंक्यपद शर्यत पुन्हा फक्त हवाईत, कोनाला आणि एकाच दिवशी होणार. तेव्हापासून ओळखीतल्या सायकलवाल्या, पळणाऱ्या आणि (मोजक्या) पोहणाऱ्या मंडळींच्या तोंडी एकच वाक्य ऐकतोय - "चला, शर्यत घरी परतली!" जणू मधली तीन वर्षं ती फ्रान्समधल्या नीस शहरात कुणा परक्याच्या ओसरीवर पथारी टाकून दिवस काढत होती.

माझा या वाक्यावर आक्षेप आहे. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत आक्षेप आहे. आणि तो मनात ठेवून पोटदुखी वाढवण्यापेक्षा इथे लिहून मोकळं व्हावं म्हणून हा प्रपंच.

आधी घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन ओळी. (बाकीच्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, एकापाठोपाठ एक, मधे विश्रांती नाही. कपडे-बूट बदलण्याचा वेळही घड्याळात धरतात. 'आयर्नमॅन' हे या खेळाचं नाव नाही, ते एका कंपनीचं नाव आहे. तिच्या पूर्ण शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं असतं. वनस्पती तुपाला आपण सरसकट 'डालडा' म्हणायचो ना, तसं झालंय या नावाचं.

आता मुद्द्याकडे. पहिला प्रश्न - कोना हे या शर्यतीचं जन्मघर आहे का? नाही. ही शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी होनोलुलूला, म्हणजे हवाईतल्याच पण वेगळ्या बेटावर, ओआहूवर जन्मली. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन स्थानिक गोष्टी एकमेकींना जोडल्या : वायकीकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकलफेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन. सुरुवात केली पंधरा जणांनी, शेवटापर्यंत पोचले बारा. पहिला आलेला गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांच्या थोडा पुढे. १९८१ मध्ये व्हॅलरी सिल्क या बाईंनी ती मोठ्या शहराच्या गर्दीतून उचलून कोनाला नेली. म्हणजे ज्याला आपण 'मूळ घर' म्हणतोय ते बदलून घेतलेलं दुसरं घर आहे. त्यात वाईट काही नाही, माणसं बिऱ्हाडं बदलतातच. पण मग दुसऱ्याला 'उपरा' म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा.

आणि त्या २२६ किलोमीटरच्या पवित्र बेरजेचंही तसंच. हे आकडे काही कुणा शरीरशास्त्रज्ञाने काढलेले नाहीत. होनोलुलूत ज्या तीन गोष्टी हाताशी होत्या त्यांची ही बेरीज. कॉलिन्स दुसऱ्या गावात नोकरीला असते तर आज जगभरचे लोक वेगळ्याच आकड्याचं गोंदण पोटरीवर मिरवत असते.

दुसरा प्रश्न - नीस म्हणजे कोनाची नक्कल का? इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

१९८२ साली मार्क मॅकॉर्मॅक यांच्या आयएमजी या अमेरिकी क्रीडा-व्यवस्थापन कंपनीने युरोपात एक मोठी ट्रायथलॉन घ्यायचं ठरवलं. टीव्हीवर दाखवता येईल अशी. जागा ठरली होती मोनॅको. पण त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मोनॅकोची राणी ग्रेस (होय, हॉलिवूडची ग्रेस केली) मोटार अपघातात गेली, आणि शर्यत शेजारच्या नीसला आली. नोव्हेंबर महिना. भूमध्य समुद्राचं पाणी तेव्हा काही अंघोळीला काढलेलं नसतं. अंतरं होती दीड किलोमीटर पोहणं, १०० किलोमीटर सायकल आणि त्यावर लांबलचक पळणं.

ती पहिली शर्यत जिंकली मार्क अॅलन या तरुण अमेरिकी मुलाने. त्याचं ते वर्ष बघा. फेब्रुवारीत ज्युली मॉस कोनाच्या शर्यतीत शेवटच्या काही यार्डांत कोसळली आणि रांगत रांगत शेवटच्या रेषेपाशी गेली, ते दृश्य त्याने टीव्हीवर पाहिलं. ऑक्टोबरमध्ये तो स्वतः कोनाला उतरला, तर सायकलचं गिअर बदलायचं यंत्रच मोडलं. आणि पुढच्याच महिन्यात नीसला पहिला! तेव्हापासून १९८६ पर्यंत सलग पाच वेळा आणि मग १९८९ ते १९९३ अशी पुन्हा सलग पाच वेळा त्याने नीस जिंकली. दहा वेळा उतरला, दहा वेळा जिंकला. याच अॅलनला कोनाचा पहिला विजय मिळायला १९८९ उजाडावं लागलं. त्या वर्षी त्याने नीस जिंकली, आव्हिन्योंला झालेलं कमी अंतराचं पहिलं जागतिक अजिंक्यपद जिंकलं आणि ऑक्टोबरमध्ये कोनाला डेव्ह स्कॉटला ५८ सेकंदांनी हरवलं. कोनाच्या त्या लढतीवर पुस्तकं निघाली. नीसच्या दहा विजयांचं नाव काढलं तर मात्र "हो का?" असं उत्तर येतं.

स्त्रियांमध्ये कोना आठ वेळा जिंकणारी पॉला न्यूबी-फ्रेझर नीसलाही चार वेळा जिंकली. कोनाला रोख बक्षिसं १९८६ मध्ये सुरू झाली, तोवर पोटापाण्यासाठी खेळणाऱ्यांना नीसचंच आकर्षण जास्त होतं. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटनेने लांब अंतराचं जागतिक अजिंक्यपद सुरू केलं, ते पहिलं नीसलाच झालं, आणि २००२ पर्यंत पुन्हा पुन्हा तिथे होत राहिलं. नक्कल म्हणे!

अंतरंही एव्हाना बदलून स्थिरावली होती - ४ किलोमीटर पोहणं, १२० किलोमीटर सायकल, ३० किलोमीटर पळणं. हे आकडे जरा शांतपणे पाहा. आयर्नमॅनपेक्षा पोहणं किंचित जास्त, सायकल एक तृतीयांशाने कमी, पळणंही कमी. म्हणजे पोहण्याला मान आहे. (आयर्नमॅनमध्ये पोहणं हे जेवणाआधी चूळ भरल्यासारखं असतं, असं माझं नम्र मत.) आणि सायकल कमी असली तरी ती कुठे चालवायची? नीसच्या मागे लगेच आल्प्सचे डोंगर सुरू होतात. समुद्रातून, गोट्या-गोट्यांच्या किनाऱ्यावरून अनवाणी धडपडत बाहेर यायचं आणि थोड्या वेळात घाट चढायला लागायचं. आणि चढून भागत नाही, उतरावं लागतं. अरुंद वळणं, एका बाजूला कडा, ब्रेकवर बोटं. इथे नुसत्या मांड्या कामाच्या नाहीत, सायकल यावी लागते.

आपल्या लोकांना हे समजावून सांगायची खरं तर गरज नसावी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा वेगळा किताब देणारी माणसं आपण! सपाटीवरचा वेग आणि घाटातली सायकल या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे आपल्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होतं. कोनाचा रस्ता काही अगदी सपाट नाही. लाव्हाच्या काळ्या माळावरून जातो, वारा आडवा येतो, ऊन भाजून काढतं. त्याचा कस मोठा आहे, मी नाकारत नाही. पण तिथे घाट नाही. नीसची परीक्षा वेगळी आहे, कमी नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते २००५ मध्ये. त्या वर्षी 'आयर्नमॅन फ्रान्स' ही शर्यत नीसला आली. शहराचं स्वतःचं ४-१२०-३० हे माप गेलं, ३.८-१८०-४२.२ हे होनोलुलूचं माप आलं. किनारा तोच, घाट तेच, पळायचा रस्ताही तोच - प्रोमनाद देझांग्ले. फक्त शर्यतीचं नाव, माप आणि टोपी दुसऱ्याची. गावची जत्रा होती, ती फिरत्या सर्कशीचा एक मुक्काम झाली. सर्कसही छान असते हो, मलाही लहानपणी आवडायची. पण तंबू हलवायचा की ठेवायचा हे गाव ठरवत नाही.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "अहो, पण नीसची ती १९८२ ची शर्यत तरी कुठे गावची होती? अमेरिकी कंपनी, अमेरिकी टीव्ही, अमेरिकी विजेता!" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्या रस्त्याच्या नावातच आहे. प्रोमनाद देझांग्ले म्हणजे इंग्रजांचा फिरायचा रस्ता. हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रजांनी १८२० च्या दशकात स्वतः वर्गणी काढून, कडक हिवाळ्याने हाताला काम न उरलेल्या गरिबांना मजुरी देऊन तो बांधायला घेतला. नीस तेव्हा फ्रान्समध्येही नव्हतं, ते गेलं १८६० मध्ये. आज कुणी म्हणतं का की हा रस्ता इंग्रजांचा आहे? बाहेरून आलेली गोष्ट गावात राहिली, गावाने वापरली, गावाने तिला आपल्या अंगाप्रमाणे बेतून घेतलं, की ती गावची होते. ४-१२०-३० तशी झाली होती. डोंगर आणि समुद्र बघून बेतलेली.

याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ च्या रात्री आतषबाजी बघायला आलेल्या गर्दीत ट्रक घालून ८६ माणसांना मारलं गेलं. त्यानंतरही त्याच रस्त्यावर शर्यती झाल्या, माणसं त्याच दगडी कठड्यापाशी उभी राहून टाळ्या वाजवायला आली. जागेचं आणि शर्यतीचं नातं असं बनत जातं. ते करारात लिहिता येत नाही.

आणि म्हणूनच करार मोडणाऱ्यांना ते दिसतही नाही. २०२२ मध्ये कोनाला शर्यत दोन दिवस घेतली गेली, तो भार त्या छोट्या गावाला पेलेना. म्हणून २०२३ पासून पुरुष आणि स्त्रिया यांच्या शर्यती आलटून पालटून कोना आणि नीस इथे, असं ठरलं. हे २०२६ पर्यंत चालायचं होतं. २०२३ ला नीसला पुरुष : सॅम लेडलो जिंकला, वय २४, आजवरचा सर्वांत तरुण विजेता आणि पहिला फ्रेंच पुरुष. २०२४ ला स्त्रिया : जर्मनीची लाउरा फिलिप. २०२५ ला पुन्हा पुरुष : पहिले तिघेही नॉर्वेचे, कास्पर स्टोर्नेस, गुस्ताव ईडन, क्रिस्टियान ब्लुमनफेल्ट. एका देशाचे तिघे एका ओळीत! २०२६ ला स्त्रियांची पाळी नीसला होती. ती परस्पर रद्द झाली. कारण काय, तर स्पर्धकांना कोनाच हवं. पात्र ठरलेले लोक नीसची जागा घेत नव्हते, जागा खाली खाली घसरत होत्या.

बरोबर आहे. घेत नव्हते. पण चाळीस वर्षं तुम्ही जाहिरातीत एकच बेट दाखवलंत, तेच स्वप्न विकलंत, आणि मग विचारलंत की लोकांना दुसरं का आवडत नाही? मुलाला रोज फक्त बटाट्याची भाजी वाढायची आणि वर तक्रार करायची की हा कारलं खात नाही!

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. स्त्री-पुरुषांना दोन खंडांत वाटून टाकणं चांगलं नव्हतं. एकाच घरातले नवरा-बायको दोघे पात्र ठरले तर एकाने सप्टेंबरात फ्रान्सला आणि दुसरीने ऑक्टोबरात हवाईला जायचं, हा खर्च कुणी करायचा? शिवाय एकाच वर्षी निम्म्या लोकांना घाट आणि निम्म्यांना लाव्हा, हा न्याय नव्हे. पण त्यावर उपाय सोपा होता. एक वर्ष सगळे कोनाला, एक वर्ष सगळे नीसला. दुसरं म्हणजे, २०२३ ला कोनाला इतिहासात पहिल्यांदा केवळ स्त्रियांची शर्यत झाली, सगळा दिवस, सगळे कॅमेरे त्यांचे. एका दिवसाच्या व्यवस्थेत ते पुन्हा गेलं. 'घरी परतली' म्हणणाऱ्यांनी या घरात कुणाला कोपऱ्यात बसावं लागणार हेही बघावं.

आता तुम्ही म्हणाल, नीसच्या नावाने पुण्या-ठाण्यात बसून एवढा घसा का कोरडा करायचा?

सांगतो. आमच्या नात्यातल्या एका ताईने चाळिशी ओलांडल्यावर पोहायला शिकून, दोन वर्षं पहाटे चारला उठून, आपल्याच राज्यात झालेली एक लांब अंतराची ट्रायथलॉन पूर्ण केली. कंपनीच्या नावाची नव्हे, स्थानिक क्लबने घेतलेली. तलावात पोहणं, महामार्गावर सायकल, भर दुपारी पळणं. घरी आली, कौतुक झालं, पेढे वाटले गेले, आणि मग तिसऱ्या मिनिटाला एका काकांनी विचारलं, "पण हे खरं आयर्नमॅन नव्हे ना?" ताई हसली आणि "नाही हो काका, साधंच होतं," म्हणाली. साधंच! तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. काकांचा दोष नाही. त्यांनी पेपरात वाचलेला एकच शब्द त्यांना माहीत. पण घाम आपला, गाव आपलं, रस्ता आपला, आणि खरं-खोटं ठरवायचं फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या कंपनीच्या शिक्क्याने? ही कंपनी २०१५ मध्ये चीनच्या वांडा समूहाने सुमारे ६५ कोटी डॉलरना घेतली, २०२० मध्ये ती पुन्हा विकली गेली. विकत घेतला तो शिक्का. घाट आणि समुद्र त्या सौद्यात नव्हते, ते आपापल्या जागीच आहेत.

"शिक्का नसेल तर शर्यत चालत नाही," असं जाणकार सांगतात. खोटं आहे. जर्मनीतलं रोट हे छोटं गाव बघा. तिथली शर्यत २००१ पर्यंत आयर्नमॅनच्या नावाने होत होती. मग संयोजकांनी ते नाव सोडलं आणि २००२ पासून 'चॅलेंज रोट' या स्वतःच्या नावाने तेच अंतर सुरू ठेवलं. आज ती जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शर्यतींपैकी आहे, चढावर प्रेक्षकांची इतकी दाटी होते की सायकलवाल्याला एक चाकोरीच उरते. फ्रान्समध्येच एम्ब्रनमॅन १९८४ पासून आहे. सायकलवर इझोआरचा २३६० मीटरचा घाट, शिक्का कुणाचाच नाही. ती पूर्ण करणाऱ्याला कुणी विचारत नाही की हे खरं का. विचारून बघावं!

आपल्याकडे गोव्यात २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होते. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. चांगली गोष्ट आहे. शेकडो मराठी माणसं तिथे जातात, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. हॉटेलं भरतात, रस्ते बुजवले जातात (निदान त्या आठवड्यापुरते :-) ). शर्यत बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की तेवढीच एक शर्यत 'खरी' मानू नका. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्याला पोरंटोरं आणि साठीचे आजोबा एकत्र उतरतात. मागे सह्याद्री उभा आहे. समुद्रातून निघून आंबोलीचा घाट चढायचा अशी एखादी शर्यत उद्या कुणी आखली, तर तिचं माप आपल्या डोंगराने ठरवावं, होनोलुलूच्या १९७८ मधल्या बेरजेने नव्हे. भले ती १७३ किलोमीटरची होवो की १३१ ची. आकडा विचित्र असेल तर उत्तम, म्हणजे तो कुणाला दुसरीकडे उचलून नेता येणार नाही.

"मग वेळेची तुलना कशी करणार?" हा शेवटचा हुकमाचा पत्ता असतो. अहो, घाटातल्या १८० ची आणि सपाटीच्या १८० ची तुलना आत्ता तरी कुठे होते? खाऱ्या पाण्यातल्या आणि तलावातल्या पोहण्याची? तुलना हा बहाणा आहे. लोकांना तुलना नको असते, शिक्का हवा असतो.

पंढरी एकच, हे मान्य. पण म्हणून प्रत्येक गावाने आपल्या ग्रामदैवताची जत्रा बंद केली नाही. कोना पंढरी असेल तर खुशाल असो, ज्याला वारी करायची त्याने करावी. नीस मात्र तिची ओसरी नव्हती. तिथे स्वतःचं दैवत होतं, ते विसरायला लावलं गेलं. तेव्हा यापुढे माझ्यासमोर "शर्यत घरी परतली" असं म्हणणाऱ्यांनी हा सगळा इतिहास पुन्हा ऐकायची तयारी ठेवून म्हणावं. आणि लांब शर्यत पूर्ण करून आलेल्या माणसाला "खरं का?" हे विचारण्याऐवजी "पाणी कसं होतं? घाट कसा होता?" हे विचारा. तो जे सांगेल ते ऐकण्यासारखं असेल.

असो. ज्यांना पटलं नाही त्यांनी जरूर भांडावं. काका, तुम्हीसुद्धा!